हादरा एक नाही, दोन आहेत

पत्राचा सारांश: मुलुंडचे एक वाचक, वय 59, बँकेतून निवृत्त. 2012 ची डिझेल एसयूव्ही, 1 लाख 64 हजार किलोमीटर झालेले. वर्षभरापूर्वी, मे महिन्यात क्लच प्लेट बदलली. त्या जुलैत गांधी मार्केटजवळ तुंबलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढली, पण ती बंद पडली नाही. दिवाळीत चिपळूणकडे गावी जाताना 80 च्या पुढे सीटखाली भणभण जाणवली. डिसेंबरपासून सिग्नलला उभं असताना, विशेषतः एसी लावला की, सगळी गाडी थरथरते. सकाळी पहिली काही मिनिटं पांढरा धूर येतो, अॅव्हरेज 12 वरून 10 वर आलंय. जानेवारीत इंजिनाची फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार) बदलली, फरक पडला नाही. अकरा वर्षं ओळखीचे मिस्त्री म्हणतात, ‘इंजिन उघडावं लागेल, नव्वद हजार धरा.’ मोठ्या वर्कशॉपने 1 लाख 70 हजारांचं एस्टिमेट दिलं. मुलगा म्हणतो, ‘डिझेल दहा वर्षांवर बंदच होणार आहे, येईल त्या भावाला काढून टाका.’ पत्नी कंबरेच्या दुखण्यामुळे गाडीत बसत नाहीत. वाचक विचारतात: ‘मिस्त्रींचं ऐकून इंजिन करू, त्यांना सोडून वर्कशॉपला जाऊ, की मुलाचं ऐकून विकू? मिस्त्रींनी इतकी वर्षं फसवलं असेल का, हा विचार मनातून जात नाही.’

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि तारखांखाली रेघा मारत गेले. माझ्या वडिलांचं परळला गॅरेज होतं. गिऱ्हाईक आलं की ते आधी बोनेट उघडायचे नाहीत, चहा सांगायचे आणि ‘कधीपासून?’ विचारायचे. उत्तर आलं की पुढचा प्रश्न असायचा, ‘त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं?’ तुम्ही न विचारता दोन्ही उत्तरं लिहिली आहेत. फक्त ती एकमेकांशेजारी ठेवलेली नाहीत.

तुम्ही लिहिता, ‘गाडीला व्हायब्रेशन आहे.’ माझ्या वाचण्यात तुमच्या गाडीला दोन व्हायब्रेशनं आहेत. एक उभ्या गाडीत, डिसेंबरपासून. दुसरं 80 च्या पुढे, दिवाळीपासून. पहिल्यात धूर आहे, अॅव्हरेज आहे, एसीचा भार आहे. दुसऱ्यात यातलं काहीच नाही. मिस्त्रींना तुम्ही ‘इंजिन हादरतंय’ असं सांगितलंत, म्हणजे दुखणं सांगण्याऐवजी निदान सांगितलंत. ते तुमच्या शब्दावर गेले, फाउंडेशन बदलली, उपयोग झाला नाही, म्हणून आणखी आत जायला निघाले. यात फसवणूक मला दिसत नाही. घाई दिसते, आणि ती दोन्ही बाजूंची आहे.

आधी दिवाळीचा हादरा घेते, कारण तो बहुधा स्वस्तात जाईल.

तुमची गाडी लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बांधलेली, आणि मागच्या चाकांना ताकद देणारी आहे. (कंपनी-मॉडेल तुम्ही कळवलंय, इथे छापायची गरज नाही.) अशा गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) लांब प्रोपेलर शाफ्ट जातो. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्याआधी हा शाफ्ट सोडावा लागतो. तो सोडताना शाफ्टची फ्लँज (बोल्टांनी जोडायची चकती) आणि समोरची फ्लँज यांच्यावर एक सलग खूण करायची असते, म्हणजे परत तसाच बसवता येतो. खूण न करता बसवला तर चारही बोल्ट व्यवस्थित लागतात, दिसायला सगळं ठीक असतं, पण शाफ्टचं बॅलन्स बिघडू शकतं. शाफ्टचा सरकता भाग निसटून वेगळा झाला असेल आणि दोन टोकांचे क्रॉस (शाफ्टला वळू देणारे अधिकच्या चिन्हासारखे सांधे) एका रेषेत न येता बसले असतील, तर हादरा हमखास.

शहरात हे कळत नाही. मुलुंड ते शीव सकाळच्या गर्दीत 80 चा वेग म्हणजे स्वप्नच. आणि त्या वर्षी गणपतीत तुम्ही रेल्वेने गेलात, असं पत्रात एका ओळीत आहे. (गणपतीत कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळालं, हे मला तुमच्या इंजिनापेक्षा मोठं आश्चर्य वाटलं.) म्हणजे मेमध्ये क्लचचं काम झाल्यावर गाडी मोकळ्या रस्त्यावर पहिल्यांदा धावली ती दिवाळीत. दोष दिवाळीत सुरू झाला असं तुम्ही धरलंत. तो मेपासून असेल आणि दिवाळीत भेटला असेल, असंही होऊ शकतं.

दुसरा संशयित जुलैचं पाणी. क्रॉसच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरलं की ग्रीस धुऊन जातं, आतले सुयांसारखे बारीक रोलर गंजतात. गाडी रॅम्पवर घेऊन क्रॉसच्या कपांभोवती बघायला सांगा. तिथे तांबूस, विटेच्या भुकटीसारखी पूड दिसली तर तो क्रॉस गेला. शाफ्ट हाताने धरून पिळून बघितला तर क्रॉसमध्ये अजिबात खेळ जाणवता कामा नये. त्याच वेळी डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ, कॉफीसारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय, ते आजच बदला. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं सेंटर बेअरिंग आणि त्याचं रबरही बघून घ्या.

तिसरा संशयित टायर, आणि खरं तर तपासणी इथूनच सुरू करायची, कारण हे सगळ्यात सोपं. बाजूवर चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी जुना टायर आतून सोडलेला असू शकतो. खड्ड्याने आलेला फुगवटा आतल्या बाजूला असला तर उभ्याने दिसत नाही, हात फिरवावा लागतो. आणि रिमच्या आतला चिखल! माझ्या स्वतःच्या गाडीत एका पावसाळ्यानंतर मी दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं, सस्पेन्शनचे रबरी बुश बदलायला निघाले होते. शेवटी एका पोऱ्याने स्क्रूड्रायव्हरने रिममधून वाळलेल्या मातीचं ढेकूळ काढलं. पन्नास रुपये दिले त्याला, लाजेपोटी.

आता या तिघांपैकी कोण, हे घरबसल्या नाही, पण एका फेरीत कळतं. रविवारी सकाळी सहाला निघा. अटल सेतू 2024 पासून खुला आहे, रस्ता गुळगुळीत आहे आणि कारसाठी वेगमर्यादा 100 आहे, म्हणून या कामाला मला तो आवडतो. टोल लागेल, पण नव्वद हजारांपुढे तो काय. सेतूवर थांबायचं मात्र नाही. मुलाला शेजारी बसवा, नोंदी तो घेईल. तुम्ही फक्त चालवा.

85 ला पाचव्या गिअरमध्ये भणभण आली की तोच वेग ठेवून चौथा टाका. इंजिनाचे फेरे वाढले, पण हादरा जसाच्या तसा राहिला, तर इंजिन संशयातून सुटलं. चाकं किंवा शाफ्ट यांचं काम आहे. गिअर बदलल्यावर हादरा बदलला किंवा गेला, तर तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. मग तीच आरपीएम घरी, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये देऊन बघा, तिथेही यायला हवा. पुढची खूण: अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की हादऱ्याचा पोत बदलतो का? शाफ्टचा बदलतो, टायरचा सहसा नाही. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं. तुमची सीट आणि पायाखालची फरशी भणभणते, म्हणून माझी बोटं मागे जात आहेत.

मुलाच्या मोबाइलमध्ये व्हायब्रेशन मोजणारं एखादं फुकट अॅप टाका आणि मोबाइल सीटच्या लोखंडी पट्टीवर घट्ट ठेवा. हे खेळणं नाही. तुमच्या मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण 2.3 मीटर जातो, म्हणजे 80 च्या वेगाला तो सेकंदाला जवळजवळ दहा वेळा फिरतो. शाफ्ट त्याच्या सुमारे चारपट, म्हणजे चाळिसाच्या आसपास. अॅपवर उंच टोक दहाशी आलं तर टायरवाल्याकडे जा, चाळिशीशी आलं तर शाफ्टकडे. तिसऱ्या माणसाचं मत घ्यावं लागत नाही.

शाफ्ट निघाला, तर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: मागची फ्लँज सोडून अर्धा फेर फिरवायची, परत लावायची आणि पुन्हा एक चक्कर मारायची. बऱ्याचदा एवढ्याने निम्मा हादरा जातो, कधी सगळाच. नाही गेला तर क्रॉस बदलून शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. क्रॉस चांगल्या कंपनीचा नवाच घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे दरवाजे, दिवे, बंपर मीही घेतलेत, पण फिरणारी आणि दाबाखाली चालणारी वस्तू तिथून घेऊ नये.

आता डिसेंबरचा हादरा. हा इंजिनाचाच आहे, यात वाद नाही. पण ‘इंजिनाचा’ म्हणजे ‘इंजिन उघडण्याचा’ नव्हे.

चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमला सेकंदाला साधारण 27 वेळा पेटतं. चारही सारखे पेटले तर तो कंप बारीक असतो, फाउंडेशन तो पिऊन टाकते. एक सिलिंडर कमी पेटला, म्हणजे मिसिंग आलं, की सेकंदाला सहा-सात असा जाडसर हेलकावा येतो आणि तो कुठलंच रबर थांबवू शकत नाही. एसी लावला की भार वाढतो, हेलकावा वाढतो. तुमचं वर्णन अगदी असंच आहे. तेच अॅप उभ्या गाडीत लावा. सहा-सातशी टोक आलं तर एक सिलिंडर आजारी आहे.

सकाळचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. मुंबईच्या थंडीत ग्लो प्लग (थंड सिलिंडर सुरुवातीला तापवणारा प्लग) गेला तरी गाडी सुरू होते, पण थोडी ठेचकाळते. मीटर लावला की प्लगचं दोन मिनिटांत कळतं, ते आधी करा. आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनावर कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी बघा आणि लिहून ठेवा. पातळी उतरत असेल आणि धूर गरम झाल्यावरही गोडसर वासाचा येत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) विचार करावा लागेल. तुमच्याकडे तो धूर काही मिनिटांत जातो, हे चांगलं लक्षण आहे.

माझा पहिला संशय सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर, ज्याला मिस्त्री नोझल म्हणतील. याची तपासणी इंजिन न उघडता होते. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना चार पारदर्शक बाटल्या लावायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि कुठली बाटली लवकर भरते ते बघायचं. जी भरभर भरते, तो इंजेक्टर आतून झिजला. बाटल्या सारख्या भरल्या म्हणून इंजेक्टर निर्दोष ठरत नाही, त्याचा फवारा वाईट असू शकतो, म्हणून संशयिताला डिझेल लॅबमध्ये बेंचवर लावून घ्या. चांगल्या स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्युटर किती डिझेल कमी-जास्त देतोय तेही दिसतं. मिस्त्री म्हणाले, ‘स्कॅनरवर फॉल्ट नाही.’ त्याचा अर्थ दिवा लागण्याइतका बिघाड नाही, एवढाच. फॉल्टच्या पानापुढेही स्कॅनरला पानं असतात.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. जुन्या पंपाच्या गाड्यांमध्ये मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करून मिसिंग शोधायचे. माझे वडीलही करायचे. तुमची गाडी कॉमन रेलची आहे, म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं. त्या पाइपांत हजार बारच्या वर दाब चढतो, आणि ती बारीक धार कातडी फाडून शरीरात शिरते. चालू इंजिनावर त्या नटांना कोणी पाना लावला तर तिथेच थांबवा, ओळख कितीही जुनी असो. इंजेक्टर नवा घातला तर त्यावरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरला का, तेही विचारा. न भरता सोडलेल्या गाड्या ‘नवा इंजेक्टर टाकूनही तसंच’ म्हणत फिरत असतात.

जाता जाता डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून बघा. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक (हवा आत जायचा मार्ग) काजळीने भरलेले असतीलच, रोजच्या बंपर-टू-बंपर चालीत ते भरतातच, पण ते साफ करणं हे या हादऱ्याचं उत्तर आहे असं मला वाटत नाही.

आणि ती जानेवारीतली फाउंडेशन. लोकल रबर कडक असतं. इंजिन धरून ठेवतं, पण कंप गिळत नाही. सगळे बोल्ट आधी थोडे सैल ठेवून, इंजिन दोन मिनिटं चालवून आपल्या जागी बसू द्यायचं आणि मग आवळायचं असतं, नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. हे इंजेक्टरनंतर बघा. आधी नको. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंधार.

इंजिन कधी उघडायचं? एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली गेल्यावरचा दाब, बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं तर. (डिझेलचा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही.) ऑइलचं झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार हबके येत असतील, म्हणजे मिस्त्री म्हणतात तसं ‘बॅक कॉम्प्रेशन’ असेल तर. दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल भरावं लागत असेल तर. तुम्ही लिहिता, ऑइल उतरत नाही. पाण्यातून काढताना गाडी बंदही पडली नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी जाऊन रॉड वाकल्याची शक्यताही कमी. तरी कॉम्प्रेशन मोजून घ्या. हा आकडा हातात येईपर्यंत नव्वद हजारांना आणि 1 लाख 70 हजारांनाही ‘थांबा’ म्हणा. वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये इंजेक्टर, टर्बो, फाउंडेशन, क्लच सगळंच आहे. अख्खी यादी बदलली की त्यात दोषी सापडणारच, पण त्याला तपासणी म्हणत नाहीत.

आता मिस्त्रींकडे कसं जायचं? तुम्हाला खरी अडचण तीच वाटते आहे, असं पत्राच्या शेवटून वाटलं. ‘तुम्ही शाफ्ट चुकीचा बसवलात’ असं म्हणत गेलात तर अकरा वर्षं एका वाक्यात संपतील, आणि कदाचित ते खरंही नसेल. असं म्हणा: ‘मी रविवारी गाडी मोजून आणलीय. 85 ला हादरा येतो, गिअर बदलला तरी राहतो. मेमध्ये शाफ्ट काढला होता, एकदा अर्धा फेर फिरवून बघूया का? मी सोबत बसतो.’ कारागीर माणसाला आकडा दिला की तो स्वतःचा बचाव सोडून कामाला लागतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. त्यांना हेही विचारा, ‘इंजिन उघडायचं हे काय बघून म्हणता?’ उत्तरात आवाज, आकडा, वास, काहीतरी आलं पाहिजे. ‘अनुभव आहे साहेब’ एवढंच आलं, तर कॉमन रेलचं काम डिझेल लॅबला द्या आणि बाकीचं त्यांच्याकडेच ठेवा. चांगल्या मिस्त्रीला सगळंच आलं पाहिजे, हा हट्ट आपण डॉक्टरच्या बाबतीत तरी कुठे धरतो?

मुलाचा मुद्दा. दहा वर्षांवरची डिझेल बंद, हा नियम दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी निघाला होता. मुंबईत खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तुमची 2027 मध्ये संपेल. त्यानंतर आरटीओत फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणून विकायची की नाही हे ठरवताना तो दहा वर्षांचा मुद्दा बाजूला ठेवा. पण मुलगा साफ चूक आहे असंही मी म्हणणार नाही. तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, आणि माझा निर्णय तीवर फिरेल: चॅसीचा गंज. समुद्राकाठची हवा, त्यात तुंबलेलं पाणी. रॅम्पवर असताना सस्पेन्शन जिथे फ्रेमला जोडलंय तिथे आणि बॉडी माउंटच्या जागी जाड स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. वरचा पापुद्रा उडाला आणि खाली लोखंड खणखणीत असेल तर घासून रंगवा, गाडी ठेवा. टोक आत गेलं, तर इंजेक्टरवर एक रुपयाही घालू नका. मुलाचं ऐका, आणि घेणाऱ्याला गंज दाखवून विका.

‘गाडीची किंमत अडीच लाख, तिच्यावर लाख कसे घालायचे’ हे तुमचं गणित मला पटत नाही. गाडी ठेवायची असेल तर तिचा बाजारभाव तुमच्या कामाचा नाही. या पैशात किती वर्षं चालेल आणि त्याऐवजी घेतलेल्या गाडीचा हप्ता किती, हे मांडा. आणि वहिनींना त्या गणितात धरा. फ्रेमवरची गाडी हादरा काढल्यावरही कारसारखी मऊ होत नाही. शॉक अॅब्सॉर्बर, बुश आणि टायरमधली हवा बघून घ्या. दुरुस्तीनंतर त्यांना पवईपर्यंत एक चक्कर मारून आणा आणि मग विचारा. त्या ‘नको’ म्हणाल्या तर तेही उत्तर धरा.

क्रम असा ठेवा: टायर आणि रिम, सेतूवरची फेरी, रॅम्पवर गंज-क्रॉस-डिफरन्शियल, शाफ्टचा अर्धा फेर, मग ग्लो प्लग, बाटल्या, कॉम्प्रेशन. गंज निघाला तर तिथेच थांबा. पाऊस सुरू व्हायच्या आत रॅम्पचं काम उरकलं तर बरं, गणपतीपर्यंत हाताशी वेळ राहील.

शाफ्ट सोडायच्या आधी फ्लँजवर खूण स्वतः करा. पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घेऊन जा. खडूने करू नका, गॅरेजमधल्या डिझेलच्या हातांनी तो पहिल्या पाच मिनिटांत पुसला जातो.